नंबर हलवला, तेव्हा ऑफर आली

2024 च्या जूनमध्ये, 27 आणि 28 तारखेला, तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी पाठोपाठ दरवाढ जाहीर केली. स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइलच्या लहरींचा, लिलाव 26 लाच आटोपला होता. जिओ आणि एअरटेलचे नवे दर 3 जुलैपासून, व्होडाफोन आयडियाचे 4 जुलैपासून. प्लॅन कुठला आहे त्यावर वाढ साधारण 10 ते 27 टक्के. आमच्या घरात चार नंबर आहेत: माझा, बायकोचा, आईचा आणि बाबांचा. चौघांचाही रिचार्ज मीच मारतो, त्यामुळे ही बातमी बाकीच्यांनी नुसती वाचली आणि मी हिशेब मांडला.

रोज दीड जीबी, 84 दिवस, हा आमचा नेहमीचा प्लॅन. तो 719 वरून 859 वर गेला. 140 रुपये म्हणजे ऐकायला फार वाटत नाहीत. पण वर्षाचं गणित केलं तर एका नंबरामागे सहाशेच्या वर, चार नंबरांचे चोवीसशेच्या पुढे. आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. 2019 च्या डिसेंबरात असंच झालं होतं, 2021 च्या नोव्हेंबर-डिसेंबरातही.

नवे दर लागू होण्याआधीच्या त्या पाच-सहा दिवसांत प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, 'जुन्या भावात आताच मारून ठेवा'. सल्ला बरोबर होता. चालू प्लॅन संपायच्या आधी मारलेला रिचार्ज रांगेत थांबतो आणि आधीचा संपला की सुरू होतो. माझा, बायकोचा आणि आईचा मी तसा मारून टाकला. बाबांच्या नंबरापाशी मात्र अडलो.

बाबा गावी असतात, सातारा जिल्ह्यात. नोकरी सगळी मुंबईत झाली, निवृत्त झाल्यावर गावी गेले, नंबर मुंबईचाच राहिला. ते फोनवर भरपूर बोलतात, बँकेचे मेसेज चष्मा लावून दोनदा वाचतात, आणि बाकी फोन टेबलावर पडलेला असतो. ॲपमध्ये त्यांचा डेटाचा वापर उघडून पाहिला. महिनाभराचा आकडा एका दिवसाच्या कोट्याइतकाही नव्हता. म्हणजे रोज रात्री बारा वाजता दीड जीबी जवळजवळ अख्खा वाया जात होता, आणि त्याचेच आता 859 मागत होते.

मग कमी डेटाचा प्लॅन शोधायला बसलो. ॲप उघडलं की आधी 'सर्वात लोकप्रिय', मग 'ट्रूली अनलिमिटेड', मग ओटीटीवाले, मग क्रिकेटवाले. खाली खाली सरकत गेल्यावर एकदाचा सापडला: 28 दिवस, एकूण 2 जीबी, 199 रुपये. पूर्वी 179 होता. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षात रिचार्ज बारा नाही, तेरा होतात. (ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, 2022 च्या जानेवारीत कंपन्यांना सांगितलं की किमान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवा. ठेवले आहेत, पण शोधून दाखवा.) तेरा गुणिले 199 म्हणजे 2,587 रुपये वर्षाला, आणि तेही बहुतांशी फोन घेण्यासाठी.

'मग करू नका रिचार्ज' असं म्हणणारे भेटतात. पूर्वी ते चालायचं. एकदा लाइफटाइम घेतलं की इनकमिंग चालू राहायचं, माणूस महिनोन्‌महिने पैसा न घालता नंबर टिकवायचा. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला आणि ते संपलं. शिवाय आता नंबर नुसता बोलण्यापुरता उरलेला नाही. बाबांच्या पेन्शनचं खातं त्याला जोडलेलं, आधार त्याला, गॅसचं बुकिंग त्यावरून, बँकेचा ओटीपी त्यावर. सिलिंडर महागला तर लोक जपून वापरतात. इथे जपून वापरायची सोयच नाही, कारण पैसे वापराचे नाहीतच, चालू राहण्याचे आहेत. मला चीड आली ती याची. 140 रुपयांची तितकीशी नाही.

दरवाढीबद्दल मी अगदीच एकतर्फी बोलत नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ येण्याआधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजल्याचं मला चांगलं आठवतं, आणि तो जीबी पुरवून पुरवून महिनाभर खायचा. आज तेवढ्यात महिन्याचा डेटा आणि बोलणं दोन्ही मिळतं. टॉवर, स्पेक्ट्रम, 5जी यांना पैसा लागतो हेही कळतं. एअरटेलने तर दरवाढ जाहीर करतानाच लिहिलं होतं की धंदा नीट चालायचा तर एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी 300 च्या वर उत्पन्न हवं. ठीक आहे. पण ते 300 जो दिवसभर व्हिडिओ बघतो त्याच्याकडून आणि जो फक्त फोन उचलतो त्याच्याकडून सारखेच का काढायचे, याचं उत्तर कुणी लिहिलेलं नव्हतं.

ते विचारायला 198 ला फोन लावला. तक्रारीसाठी हाच नंबर असतो, नुसत्या चौकशीसाठीचा वेगळा. 'मराठीसाठी अमुक दाबा' दाबलं, बऱ्याच वेळाने माणूस आला. मी म्हटलं, "वडिलांना डेटा नको आहे. फक्त कॉल आणि एसएमएस, लांब मुदतीचा. असा प्लॅन सांगा."

"सर, आपल्यासाठी 859 चा प्लॅन उपलब्ध आहे, त्यात रोज दीड जीबी..."

"डेटा नको आहे म्हटलं."

"सर, डेटा त्यात फ्री आहे."

यापुढे बोलणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, द्या. डॉकेट नंबर मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी 'आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे' असा मेसेजही. निराकरण झालं नाही असं वाटलं तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं, ते अपील 39 दिवसांत निकाली काढायचं असतं. तेही केलं. उत्तर सभ्य होतं आणि थोडक्यात असं, की दर नियमानुसार आहेत.

आणि खरोखरच आहेत. हे मला तेव्हा नीट कळलं. मोबाइलचे दर ट्राय ठरवत नाही. कंपनीने आपले दर आपण ठरवायचे आणि लागू केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचे, एवढंच. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळतही नाही. सेवा मिळाली नाही, चुकीचे पैसे कापले, न मागता एखादी सेवा चालू केली, तर दाद मागायला जागा आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिकॉमच्या ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं हेही स्पष्ट केलं. पण 'भाव फार झाला' ही तक्रारच होत नाही. भावावर ग्राहकाच्या हातात एकच गोष्ट उरते, उठून दुसरीकडे जाणं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? तिघांनीही दोन दिवसांच्या आत भाव वाढवलेले. उरलं सरकारी बीएसएनएल. त्यांनी दर वाढवले नव्हते. बाबांच्या कामाचा त्यांचा एक प्लॅन तेव्हा होता: 107 रुपयांत 35 दिवस, 200 मिनिटं आणि 3 जीबी. वर्षाला साधारण 1,100. दोनशे मिनिटं बाबांना कमी पडतील असं वाटलं तर 199 चा 30 दिवसांचा होता, त्यात बोलणं अमर्याद.

रेंजचं काय, हा प्रश्न होताच. एकदा नंबर पोर्ट केला, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेला, की 90 दिवस परत हलवता येत नाही, त्यामुळे नेऊन मग रेंज शोधण्यात अर्थ नाही. गावी गेलो तेव्हा शेजारच्या काकूंचं बीएसएनएलचं सिम तासभर मागून घेतलं आणि घरभर फिरलो. ओटीवर, माजघरात, वर माडीवर, मागे गोठ्यापाशी, सगळीकडून फोन लावून पाहिले. आवाज स्वच्छ येत होता. इंटरनेट हळू होतं, बीएसएनएलचं 4जी तेव्हा बहुतेक ठिकाणी पोचलंच नव्हतं. बाबांना त्याचं सुखदुःख नव्हतं. पोर्ट करणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगतो: चार लोकांना विचारत बसू नका, उसनं सिम घेऊन स्वतःच्या घरात फिरा.

पोर्टची सुरुवात सोपी. ज्या नंबरावरून जायचं त्याच नंबरावरून 1900 ला मेसेज पाठवायचा: इंग्रजीत पोर्ट, एक जागा सोडून मोबाइल नंबर. उत्तरात एक कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. पूर्वी यातही एक मेख होती. अगदी स्वस्त प्लॅनमध्ये बाहेर एसएमएस पाठवायची सोयच नसायची, म्हणजे कंपनी सोडण्यासाठी आधी त्याच कंपनीचा महागडा रिचार्ज मारा. 2021 च्या डिसेंबरात ट्रायने ती पळवाट बंद केली. प्लॅन कुठलाही असो, 1900 ला मेसेज गेलाच पाहिजे.

बाबांनी एका बोटाने, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत मेसेज टाइप केला. गेला. उत्तर आलं ते नकाराचं. बाबांचं जुनं सिम धरत नव्हतं म्हणून त्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन बदलून आणलं होतं, आणि सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. 1 जुलै 2024 पासूनचा नियम. कुणीतरी आपल्या नावाने दुसरं सिम काढून नंबर पळवू नये म्हणून आहे, आणि चांगलाच आहे. थांबलो. मी मुंबईला परतलो आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा गेलो.

या वेळी मिनिटभरात आठ अक्षरी कोड आला. तो चार दिवस चालतो. आणि त्याच दुपारी बाबांच्या फोनवर जुन्या कंपनीचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"सर, आपण पोर्टची रिक्वेस्ट टाकली आहे. आमच्या सेवेत काही अडचण?"

बाबा म्हणाले, "महाग झालं."

"सर, आपल्यासाठी खास ऑफर आहे. 84 दिवसांचा प्लॅन आपल्याला जुन्याच दरात मिळेल."

मी मध्ये पडलो. "हे ॲपमध्ये का दिसत नाही? मी 198 ला विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"सर, ही ऑफर फक्त या नंबरसाठी आहे."

"नंबर आधीपण माझाच होता की," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

इतके आठवडे मी नियम वाचून, डॉकेट नंबर जमवून जे मिळवू शकलो नव्हतो, ते एका मेसेजने न मागता दारात आलं होतं. अमुक दराखाली परवडत नाही असं ऐकत आलो होतो. ते निदान बाबांच्या बाबतीत तरी खरं नव्हतं. संध्याकाळी आणखी एक फोन आला, वेगळी मुलगी, तीच ऑफर, वर थोडा डेटा जास्त. डेटा! त्या दिवसापासून मला ग्राहक सेवा केंद्राचा राग येत नाही. समोरच्या पोराच्या पडद्यावर जे दिसतं तेच ते वाचतं. पोर्ट टाकलेल्या माणसाचा पडदा वेगळा असतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन तालुक्याला बीएसएनएलच्या ऑफिसात गेलो. जुलैमधली ती गर्दी बघण्यासारखी होती. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड, आणि ज्याला त्याला दुसऱ्याचा प्लॅन कितीचा होता ते ऐकायचं. काउंटरवरचा मुलगा घामाघूम झाला होता, पण चिडत नव्हता. बाबांचा अंगठा मशीनवर उठेना. शेतात आणि त्याआधी कारखान्यात झिजलेला. त्याने अंगठा रुमालाने पुसायला सांगितला, मग डावा लावला, मग मधलं बोट. शेवटी मशीन बाजूला ठेवून मोबाइलवर आधारचा फोटो काढला आणि कॅमेरा बाबांच्या तोंडासमोर धरला.

"काका, डोळे मिचकवा."

बाबांनी डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले.

"उघडा, उघडा. मिटून परत उघडायचे."

बाबांनी उघडले ते इतके मोठे, की रांगेतले सगळे हसले. माणूस खरा आहे, फोटोचा फोटो नाही, हे सिस्टीमला पटवायला तो डोळ्यांचा खेळ लागतो. चौथ्या खेपेला सिस्टीमला बाबा खरे वाटले.

इथे एक व्यावहारिक गोष्ट. नंबर ज्याच्या नावावर, त्याच माणसाने जावं लागतं. पोर्ट करता करता नाव बदलता येत नाही. आमच्याच रांगेत एक आजी होत्या, त्यांचा नंबर पुण्यातल्या नातवाच्या नावावर. त्यांना परत जावं लागलं. घरातले चारही नंबर हौसेने एकाच कर्त्या माणसाच्या नावावर घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती अशा वेळी नडते. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, आधी एकदा बघून ठेवावं.

सिम हातात दिलं पण ते लगेच घालायचं नव्हतं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या एकाच विभागात, पोर्ट असेल तर तीन कामकाजाचे दिवस, सर्कल बदलत असेल तर पाच. बाबांचा नंबर मुंबई सर्कलचा आणि गाव महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणून पाच. मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळं सर्कल आहे, आणि गोवा मात्र महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे. टेलिकॉमचा नकाशा शाळेतल्या नकाशाशी जुळत नाही. असा सर्कल ओलांडून नंबर नेणं 2015 च्या जुलैपासून शक्य झालं. त्याआधी, म्हणजे 20 जानेवारी 2011 पासून, देशभर पोर्ट होतं पण ज्याच्या त्याच्या सर्कलपुरतंच.

मधल्या काळात जुन्या कंपनीचे आणखी दोन फोन आले. अर्ज दिल्यावर 24 तासांत मन बदललं तर 1900 ला मेसेज करून रद्दही करता येतं, याची आठवण फोनवरच्या मुलीने आवर्जून करून दिली. बाकी कुठल्याच नियमाची आठवण कुणी करून दिली नव्हती.

ठरल्या तारखेला पहाटे जुन्या सिमचं नेटवर्क गेलं. बाबांनी मला घरच्या दुसऱ्या फोनवरून, म्हणजे आईच्या, कळवलं, "मेलं एकदाचं." नवं सिम घातलं, थोड्या वेळाने दांड्या आल्या. जुन्या सिमवरचा शिल्लक बॅलन्स गेला, तो बरोबर येत नाही. बँकेच्या ॲपने आणि यूपीआयने नव्या सिमची खात्री नव्याने करून घेतली, तेवढी एक सकाळ गेली. नंतर सगळं सुरळीत. बाबांना 200 मिनिटं खरंच पुरली नाहीत (गावातली निम्मी भांडणं ते फोनवर मिटवतात), म्हणून 199 वाल्यावर आणलं. पैसे 84 दिवसांच्या वाढलेल्या प्लॅनपेक्षा तरीही कमीच.

आमच्यासारखे तेव्हा बरेच होते. ट्रायच्या जुलै 2024 च्या आकड्यांत तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि बीएसएनएलचे सुमारे 29 लाखांनी वाढले. पुढे ती लाट ओसरली. पण त्या महिन्यात बाबांना कुणी खास ऑफर का देत होतं, ते त्या आकड्यांवरून कळतं.

माझं स्वतःचं काय? मी मुंबईत. बीएसएनएल मुंबई आणि दिल्लीत स्वतःची सेवा देतच नव्हतं, तिथे दुसरी सरकारी कंपनी, एमटीएनएल. कामाला वेगवान डेटा लागतो, म्हणजे माझ्यापुढे पर्याय तीनच आणि तिघांचे भाव जवळजवळ एक. त्यात दोन मोठ्या कंपन्यांनी अनलिमिटेड 5जी रोज 2 जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतंच ठेवलं, म्हणजे दीड जीबीवाल्याला भाववाढ सोसून वर 5जी गमवायचं. बाबांची युक्ती माझ्या नंबरावरही करून पाहिली. पोर्टचा मेसेज टाकला, कोड आला. ऑफर सोडा, साधा फोनही कुणाचा आला नाही. चार दिवसांनी कोड बाद झाला. मी कुठेही जाणार नाही हे कंपनीला माझ्याआधी कळलं असावं.

राहता राहिली आई. 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियमात दुरुस्ती केली की प्रत्येक कंपनीने नुसत्या कॉल आणि एसएमएसचा किमान एक प्लॅन ठेवायलाच हवा, आणि अशा प्लॅनची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत असू शकेल. म्हणजे मी 198 ला जे मागत होतो, अगदी तेच. जानेवारीत प्लॅन आले. सुरुवातीला काहींनी आधीच्याच प्लॅनमधला डेटा काढून किंमत जवळपास तीच ठेवली, ओरड झाल्यावर थोडी उतरवली. 84 दिवसांना साडेचारशेच्या आसपास. डेटावाल्याच्या जवळजवळ निम्मे.

मी उत्साहात आईला फोन केला. म्हटलं, आता तुझा रिचार्ज अर्ध्यात येईल, फक्त इंटरनेट बंद होईल.

"म्हणजे पोरीचा व्हिडिओ कॉल?"

"तो नाही येणार."

"मग काय करायचाय तो प्लॅन," आई म्हणाली. "पाचशे रुपयांत मी नात विकू?"

आईचा नंबर 859 वरच आहे. रोजच्या दीड जीबीतला बराचसा अजूनही रात्री बारा वाजता वाया जातो. बाबा संध्याकाळी तिच्याच फोनवर नातीला बघतात.